राखीव बोट

आमच्या खोलीला खिडकी नाही. पुस्तकांतली माणसं काळजीत पडली की उठून खिडकीपाशी जातात आणि बाहेर बघत राहतात. आम्हाला ती सोय नाही. बाहेर पाऊस किती आहे हे आम्ही आत येणाऱ्याच्या पँटच्या कडांवरून ओळखतो. त्या दिवशी सकाळी बोटी सांभाळणारा आमचा फौजी आत आला तेव्हा तो गुडघ्यापर्यंत भिजला होता, म्हणजे आमच्या दारातही पाणी साचायला लागलं होतं.

आपत्कालीन कक्ष म्हटलं की लोकांना धावपळ, आरडाओरडा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात ती एक बैठी खोली आहे. मधे लांब टेबल, एका कोपऱ्यात वायरलेसचा संच, आणि समोरच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत शहराचा नकाशा, वरून प्लास्टिक लावलेला. नकाशा सांभाळणाऱ्याला आम्ही रंगारी म्हणतो. माणसं अडकलेला भाग तो लाल करतो, पथक पोचलं की पिवळा, आणि भाग रिकामा झाला की हिरवा. खोलीतलं प्रत्येकजण बोलता बोलता डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्या हाताकडे बघत असतं.

माझं काम लिहिण्याचं. पुढच्या पाळीत काय करायचं, कोणी करायचं, कशानं करायचं, याचा आराखडा. तो एका पानात बसवायचा, कारण बोटीत बसलेला माणूस दुसरं पान उलटत नाही. बैठकीत जो तो काहीतरी मागत असतो, बोटी, माणसं, ट्रक, औषधं. आणि मागणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा, ही माझी जबाबदारी. कशाच्या बदल्यात? इथे बोट हवी असेल तर कुठली काढायची ते मागणाऱ्यानंच सांगायचं. सांगता येत नसेल तर ती मागणी नव्हे, नुसती इच्छा. फौजी यावरून माझी थट्टा करायचा. सकाळी आल्या आल्या विचारायचा, "काय बाईसाहेब, दुकान उघडलं का?"

आई जाऊन महिना झाला नव्हता. मी कामावर लवकर परतले, त्याबद्दल नातेवाईकांत थोडी कुजबुज झाली. पण मला घरी बसवेना. घरी मी एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होते आणि ते कुठल्या पुस्तकाचं हेही माझ्या लक्षात राहत नव्हतं.

बाबा नदीकाठच्या गल्लीत एकटे राहत होते. आमच्याकडे नियम आहे, ज्याचं माणूस एखाद्या भागात अडकलेलं असेल त्यानं त्या भागाबद्दल निर्णयात बोलायचं नाही. त्या सकाळी तिकडे पाणी वाढायला लागलं तेव्हा मॅडमनी सगळ्यांना विचारलं, कोणाचं कोण कुठे आहे? मॅडम म्हणजे आमच्या कक्षाच्या प्रमुख. मी सांगितलं, वडील नदीकाठच्या गल्लीत राहतात, पण काल संध्याकाळीच आत्याकडे गेले, उंचावर. बाबांनी मला फोनवर तसंच सांगितलं होतं. मॅडमनी मान हलवली, आणि त्या गल्लीचा आराखडाही मीच लिहिला.

सकाळच्या पथकानं गल्ली रिकामी करून माणसं उंचावरच्या शाळेत हलवल्याचं कळवलं. रंगाऱ्यानं ती हिरवी केली. दुपारी धरणाची दारं आणखी उघडायची होती. ती उघडली की गल्लीतल्या पाण्याला अशी ओढ येणार होती की तिथे कुठलीच बोट शिरू शकली नसती. म्हणून त्या हिरव्या रंगाकडे बघून सगळ्यांनाच जरा हायसं वाटलं. मलाही.

दुपारच्या बैठकीची तयारी चालली होती तेव्हा आत्याचा फोन आला.

"अगं, दादाला जरा दे फोन. त्याचा बंद लागतोय."

"आत्या, बाबा तुझ्याकडे आहेत ना?"

"माझ्याकडे? मला तर म्हणाला पोरीकडे जातोय. मी म्हटलं चला, जन्मात एकदा तरी कुणाचं ऐकलं."

मी फोन घेऊन टेबलापासून लांब, दाराकडे सरकले.

"बोल ना गं. तुझ्या घरी नाही का तो?"

"मी परवापासून ऑफिसातच आहे. माझ्या घराला कुलूप आहे."

"म्हणजे आपल्या दोघींनाही टोपी घातली त्यानं." आत्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "लहानपणी अस्साच. आईला सांगायचा शाळेत जातो, मास्तरांना सांगायचा घरी जातो, आणि जिन्याखाली बसून राहायचा तासन् तास. ए, तू माणसं पाठव ना तुझी. तुझ्याच तर हातात आहे सगळं."

"बघते," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

कुलूप हा शब्द माझ्याच तोंडून गेला होता, आणि तो आता डोक्यातून हलेना.

आई गेल्यावर बाबांनी एक युक्ती काढली होती. भेटायला येणाऱ्यांचा त्यांना त्रास व्हायचा. म्हणून ते पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचे, वळसा घालून मागच्या बोळातून यायचे आणि स्वयंपाकघराच्या दारानं आत शिरून आतून कडी घालून बसायचे. आलेला माणूस कुलूप बघून परत जायचा. एका रविवारी मीही अशीच परत फिरले होते. तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. मागच्या दारानं मला आत घेतल्यावर ते पकडले गेल्यासारखे हसले. मग म्हणाले, "लोक तिच्याबद्दल इतकं चांगलं बोलतात ना, की मला ती कोणीतरी वेगळीच बाई वाटायला लागते." फोनही ते याच कारणानं बंद ठेवायचे.

मी सकाळचा आराखडा पुढे ओढला. नदीकाठच्या गल्लीखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'कुलूपबंद घरे वगळून पुढे जावे.' अक्षर माझं. सूचनाही माझीच. आदल्या दिवशी पथकांनी रिकाम्या घरांची कुलपं तोडण्यात वेळ घालवला होता आणि तेवढा वेळ दुसरीकडे माणसं छपरावर बसून होती. त्यामुळे सूचना सगळ्यांना पटली. फौजी तर म्हणाला होता, वा, आता कसं सुटसुटीत झालं. ती लिहिताना बाबांचं कुलूप माझ्या मनात आलं नाही, कारण बाबा आत्याकडे होते.

बाबांचं घर बैठं. स्वयंपाकघरावर एक माळा, त्यावर जुनी भांडी आणि गाद्या. गल्लीत पाणी कंबरेच्या वर गेल्याची शेवटची खबर होती.

मी बाबांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

आता एक गोष्ट लिहिते, कारण ती खरी आहे. दुपारच्या आराखड्याचा मसुदा माझ्यासमोर उघडा होता. त्यात एक ओळ घालायची, 'राखीव बोटीने नदीकाठच्या गल्लीची फेरतपासणी करावी,' की काम झालं असतं. खाली सही होताना घाईत कोण वाचतं? मी ती ओळ पेन्सिलीनं लिहिलीसुद्धा. मग बैठकीसाठी खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि मी ती पुसली.

बैठकीचा क्रम ठरलेला असतो. आधी पाणी, मग बोटी, मग अडचणी.

"पाणी," मॅडम म्हणाल्या.

धरणाच्या इंजिनियरना सगळे पाणीवाले म्हणतात. ते डोळे चोळत म्हणाले, "वरून येणारं थांबत नाहीये. दुपारी दारं उघडावीच लागतील."

"थोडं थांबता येईल?"

"मॅडम, धरण माझं ऐकत नाही. मी धरणाचं ऐकतो."

"बोटी."

फौजी सैन्यातून आलेला. बोटी आणि पथकं त्याच्याकडे. "दोन हॉस्पिटलला. तिथली वीज गेलीये, पेशंट हातानं श्वासाचा पंप मारून जगवतायत. एक गिरणीच्या छपरावरची माणसं उतरवतीये. एक राखीव, खाली गॅरेजपाशी बांधलेली."

"अडचणी?"

 मी म्हणाले, "नदीकाठची गल्ली रिकामी नाही."

रंगारी वळला. फौजीनं भुवया उंचावल्या. "सकाळीच क्लिअर झालीये ती."

"कुलूपबंद घरं वगळून झाली. एका घराला पुढून कुलूप आहे आणि माणूस आत आहे. मागच्या दारानं गेलेला."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. माझे वडील आहेत."

"तू तर सांगितलंस आत्याकडे गेले," मॅडम म्हणाल्या.

"मला तसं सांगितलं. आत्याला सांगितलं माझ्याकडे जातोय."

एरवी या वाक्याला हशा पिकला असता. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते आत आहेत हे तुला नक्की माहीत आहे?"

"नाही."

"हं. आता नीट ऐक. हा तुझ्या घरचा भाग झाला. जी माहिती आहे ती दे, मागणी काय ती सांग. त्यानंतर तू यावर एक शब्द बोलायचा नाहीस. फक्त लिहायचं."

मी माहिती दिली. मागचा बोळ कुठून सुरू होतो, स्वयंपाकघराचं दार कुठल्या बाजूला उघडतं, माळ्याची शिडी कुठे. आवाज सपाट येत होता, दुसऱ्याच कोणाच्या घराबद्दल सांगावं तसा. मग म्हणाले, "मागणी एका बोटीची."

आणि थांबले. यापुढचा प्रश्न विचारायचा तो मीच, खोलीत दुसऱ्या कुणाला त्याची सवयच नव्हती. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

"राखीवच्या बदल्यात," मी म्हणाले.

"राखीव नाही," फौजी ताबडतोब म्हणाला. मग आवाज खाली आणून, "बाईसाहेब, वाईट वाटून घेऊ नका. तुमचे वडील ते माझे वडील. पण पाण्यात माझी पोरं आहेत. उद्या एखादं इंजिन बंद पडलं तर मी त्यांना काय, हा नकाशा दाखवू? राखीव आहे म्हणून ती बिनधास्त आत शिरतात."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी तेही लिहून घेतलं.

"आणि एक सांगा," तो म्हणाला, आता मॅडमकडे बघून, "हे एका घरासाठी आहे का सगळ्या कुलपांसाठी? एका कुलपामागे माणूस निघत असेल तर बाकीच्यांमागे नाही कशावरून? निम्म्या गल्लीला कुलपं आहेत."

 जीभ दाताखाली धरून मी पेन सरकवत राहिले. बोलायची मुभा असती तरी काय बोलले असते? एका घरासाठी म्हणाले तर मी नुसती मुलगी. सगळ्यांसाठी म्हणाले तर तेवढा वेळ नव्हता, आणि मुलगी तर मी तरीही होतेच.

"हॉस्पिटलची एक बोट एका फेरीपुरती?" रंगाऱ्यानं विचारलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "पंप मारणारे हात दमलेत." त्या पाणीवाल्यांकडे वळल्या. "दारं एकदम उघडायलाच हवीत?"

पाणीवाले नकाशाकडे बराच वेळ बघत होते. कोणीतरी पाय हलवत होतं, त्यानं टेबल थरथरत होतं. तो पाय माझाच होता. "टप्प्यानं उघडतो," ते शेवटी म्हणाले. "पहिला टप्पा लहान. गल्लीत ओढ येईल, पण बोट टिकेल. दुसरा सोडला की मात्र संपलं. त्याच्या आत बाहेर यायला हवं, आणि मी दुसरा लांबवू शकत नाही. कुणासाठीही नाही."

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. "लिही. राखीव बोट गल्लीत जाईल, मागच्या बोळानं. आधी हे घर. मग वेळ उरला तर बाकीच्या मागच्या दारांवर हाका. दुसऱ्या टप्प्याआधी बाहेर. माणूस मिळो न मिळो."

मी लिहिलं. 'एक व्यक्ती, पुरुष, वृद्ध. आत असल्याची खात्री नाही.' ते शेवटचं वाक्य लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. पण बोटीतल्या पोरांना ते कळायला हवं होतं.

फौजीनं सही केली. "माझी पोरं अडकली ना..." एवढंच म्हणाला आणि उठून वायरलेसपाशी गेला.

वाट बघणं हे आमच्या कामातलं सर्वांत मोठं काम आहे, पण ते आराखड्यात लिहिलं जात नाही. बोट निघाली. बोट पुलाखालून गेली. पाणीवाल्यांचा फोन वाजला, त्यांनी तो ऐकला आणि नुसता हात वर केला. पहिला टप्पा सोडला होता. बोट बोळाच्या तोंडाशी पोचली. मग बराच वेळ नुसती खरखर. मी हॉस्पिटलच्या औषधांची मागणी लिहीत होते आणि प्रत्येक औषधाच्या नावाचं स्पेलिंग तीन-तीनदा तपासत होते.

"काका आहेत!" वायरलेसमधून आवाज आला. "माळ्यावर आहेत. ठीक आहेत."

रंगाऱ्यानं टेबलावर थाप मारली. 

"पण येत नाही म्हणतात," आवाज पुढे म्हणाला. "म्हणतात, तुम्ही दुसऱ्यांना बघा, माझं चाललंय."

"चाललंय म्हणे! माळ्यावर बसून काय चाललंय, सत्यानाश?" फौजी कडाडला. मग त्यानं माईक माझ्यापुढे धरला आणि मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "बोल. थोडक्यात."

"बाबा," मी म्हणाले.

खरखर. मग त्यांचा आवाज, जवळचा आणि चिडका. "तू? हे तुझं ऑफिस आहे का?"

"हो."

"म्हणजे सगळे ऐकतायत."

"हो, सगळे ऐकतायत."

"मला त्या शाळेत नका नेऊ. सगळी गल्ली तिथे जाऊन बसलीये."

त्यांना काय म्हणायचंय ते त्या खोलीत फक्त मला कळत होतं. शाळेत आईला ओळखणारा प्रत्येकजण होता, आणि तिथे मागचं दार नव्हतं. मला त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. तिच्याबद्दल मीही कुणाशी बोलत नाही, हेही. पण पाणीवाले मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

"बाबा, गल्लीत निम्म्या घरांना कुलपं आहेत," मी म्हणाले. "बोटीतल्या कुणाला गल्ली माहीत नाही. तुमच्यासारखं आणखी कोणी आत आहे का?"

मी हे त्यांना खाली उतरवण्यासाठी विचारलं की खरोखर विचारलं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

 मग ते वेगळ्या आवाजात म्हणाले, "शिवणकामवालीचा भाऊ. त्याला अंथरुणातून उठता येत नाही. ती पलीकडे कामाला जाते तेव्हा बाहेरून कुलूप लावून जाते. ती परत आली का?"

"पूल कालपासून बंद आहे, बाबा."

"अरे देवा. मग तो आतच आहे." भांडं पडल्याचा आवाज झाला. "थांबा रे पोरांनो, शिडी धरा. तुम्हाला ते घर सापडायचं नाही. मागच्या बाजूला दोन दारं आहेत, एक खोटं आहे."

मी माईक खाली ठेवला. फौजी म्हणाला, "घ्या. राखीव बोटीला वाटाड्या मिळाला." पण तो हसला नाही.

शिवणकामवालीचा भाऊ जिवंत होता. पलंग तरंगायला लागला होता आणि त्यानं खिडकीचे गज धरून ठेवले होते. दोघांना बोटीत घेतलं, बोट बोळातून बाहेर काढली. पाणीवाल्यांनी फोनवर "सोडा" म्हटलं, तेव्हा बोट गल्लीच्या तोंडाशी होती.

आणि लगेच हॉस्पिटलकडून हाक आली. एका बोटीच्या पंख्यात दोर अडकला होता. इंजिन बंद. पोरांनी बोट विजेच्या खांबाला बांधली होती आणि पाणी वाढत होतं. बोटीत पेशंट नव्हता, एवढंच काय ते नशीब.

फौजी उभा राहिला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही, ते त्यानं मुद्दाम टाळलं असणार. राखीव बोट पाण्यात होती, पण तिच्यात माझे वडील आणि एक आजारी माणूस बसले होते. शाळा दुसऱ्या टोकाला. शाळेपर्यंत जाऊन परत येईतो खांब राहिला असता की नाही, कोण जाणे.

"वाटेत उंच काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"पाण्याची टाकी," रंगारी म्हणाला. "बाहेरून जिना आहे. मजबूत आहे."

"दोघांना जिन्यावर उतरवा. एक वायरलेस द्या त्यांच्याकडे. बोट सरळ खांबाकडे."

मी लिहिलं. 'दोन व्यक्ती, टाकीच्या जिन्यावर, तात्पुरत्या.' तात्पुरत्या हा शब्द मी आयुष्यात कितीदा लिहिला असेन. त्या दिवशी तो मला पुरेना.

खांबापाशी अडकलेल्या पोरांना आणलं. एकाचा हात बोट आणि खांबाच्या मधे सापडून मोडला होता. राखीव जागेवर असती तर ती आधी पोचली असती आणि हात वाचला असता, हे खोलीत सगळ्यांना कळत होतं.  मी म्हणाले, "माझ्यामुळे..." फौजीनं मला पुढे बोलू दिलं नाही. "हात आहे, बाईसाहेब. जीव नाही. हाताचं बघू आपण."

पुढची बैठक उभ्याउभ्याच झाली. आता चालू बोटी कमी होत्या आणि कामं तेवढीच. कुठलं आधी, कुठलं नंतर, एवढंच ठरवायचं होतं.

"आधी टाकी," फौजी म्हणाला.

 तो माझ्यासाठी म्हणत होता. ज्याच्या पोराचा हात मोडला होता तो म्हणत होता. पाणीवाल्यांनी मान डोलावली, रंगाऱ्यानं पेन उघडलं. मला फक्त लिहायचं होतं, आणि लिहिलं असतं तर कुणी मला कधी काही म्हटलं नसतं.

"नाही," मी म्हणाले. "हॉस्पिटल आधी. तिथे अजून पेशंट आहेत. टाकीचा जिना टिकेल."

मॅडम म्हणाल्या, "या भागावर तू बोलायचं नाही असं ठरलं होतं."

"हो."

"तरी बोललीस."

"हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फौजीकडे. "हॉस्पिटल आधी. मग टाकी." आणि सही केली. फौजी कपातला गार चहा माझ्याकडे सरकवत पुटपुटला, "बाप तुमचाच आहे ना नक्की?"

थोड्या वेळानं वायरलेस वाजला. बाबांना ते यंत्र कसं धरायचं हे पोरांनी दाखवलं होतं, पण बोलून झाल्यावर बटण लगेच सोडायचं हे त्यांच्या लक्षात राहत नव्हतं. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक वाक्यानंतर पावसाचा आवाज ऐकू यायचा.

"टाकीवरून बोलतोय. ह्याला थंडी वाजतीये. माझा शर्ट घातलाय त्याला. पाणी खालच्या पायऱ्यांवर आहे, वर नाही." मग पाऊस. "इथनं सगळं दिसतं गं. पूल, गिरणी, आपलं छप्पर. तुझ्या आईनं एकदा हट्ट धरला होता, टाकीवर चढून नदी बघायची म्हणून. वॉचमननं सोडलं नाही. केवढी भांडली होती त्याच्याशी. शिव्या घातल्या त्याला."

आई गेल्यापासून त्यांनी तिची अशी आठवण सांगितलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ते खोलीभर ऐकू येत होतं. फौजी माझ्याकडे पाठ करून नकाशा बघत उभा राहिला.

"बोट कधी येईल?" बाबांनी विचारलं.

"हॉस्पिटल झाल्यावर."

"हे कोणी ठरवलं?"

"मी."

त्यांनी बटण दाबलं. पाऊस पडत होता. बाजूचा माणूस कण्हत होता.

"मग थांबतो," बाबा म्हणाले.

हॉस्पिटलला वाटलं त्याहून जास्त वेळ लागला. मधे टाकीवरचा वायरलेस बंद पडला. बॅटरी गेली असेल, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते. पाणीवाले दर थोड्या वेळानं टाकीपाशी पाणी किती चढलं असेल याचा हिशेब करत होते आणि तो मला दिसू नये म्हणून कागद पालथा ठेवत होते. मी पुढच्या पाळीचा आराखडा लिहायला घेतला. शाळेत पाणी, शाळेत औषधं, शाळेत चादरी. आत्याचे फोन येत होते आणि मी ते उचलत नव्हते. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मग बोटीवाल्याचा आवाज आला, दमलेला, नेहमीसारखा.

"टाकीवरचे दोघे घेतले. शाळेकडे निघालोय."

रंगाऱ्यानं टाकीवर हिरवा ठिपका दिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, दुसरीकडे अजून लाल होतं. मी आराखड्यात लिहिलं, 'दोन व्यक्ती, टाकीवरून हलविल्या.' अक्षर कुणाला वाचता येईल असं आलं नव्हतं. म्हणून ते खोडलं आणि खाली पुन्हा लिहिलं.